पाइप मी बसवला होता

फोन आला तेव्हा मी वाळपईत ग्रिल जोडत होतो.
"धुंवर भितर येता, भायर वचना,"
एवढंच म्हणाला इनासियु फुर्तादो
आणि खोकत राहिला.

पाइप मी बसवला होता. सहा इंची, चार तुकडे,
प्रत्येक सांध्यावर माझा हात.
त्यामुळे सुर्ल्याचा घाट चढताना
इंजिनापेक्षा माझंच डोकं जास्त तापलं.

शेगडी त्याची. स्विंडनहून बोटीनं आलेली,
ओतीव लोखंड, काचेचं दार, चार बुटके पाय.
तिकडं एकवीस वर्षं गोदामात रात्रपाळी केली,
परत आल्यावर हळदोण्यात उकाड्यानं झोप येईना,
म्हणून हे घर घेतलं,
जिथं डिसेंबरात कौलांवरून दव गळतं
आणि दही लागायला दोन दिवस लागतात.
गोव्यात शेगडी! गाव अजून हसतं.

तो अंगणात उभा. मफलर, लाल डोळे.
दार मात्र मागं ओढून घेतलेलं,
थंडी आत जाऊ नये म्हणून.

मी आधी छपरावर चढलो.
टोपी जागेवर. घरटं नाही.
आढ्याच्या वर तीन फूट, टेप लावून मोजलं.
खाली दरीत धुकं, हलत नव्हतं,
ताटात ओतून विसरलेली पेज जशी.
पाइपच्या तोंडाशी हात धरला तर
हवा वर येतच नव्हती. उलट
गार, ओली, माझ्या बोटांमधून
खाली घरात उतरत होती.

"लाकूड ओलं असेल," मी म्हटलं.
दोष कुणाला तरी द्यायलाच हवा होता.
"माट्टीचं. दोन वर्षं वाळवलेलं," तो म्हणाला.

तेव्हा ऐकू आली घरघर.
स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा,
धूर जावा म्हणून सकाळपासून चालू.
आणि खिडक्या नव्या, सरकत्या, रबर लावलेल्या.
सगळ्या घराला श्वास घ्यायला
एकच भोक उरलं होतं,
ते माझं.

पंखा बंद केला. पूर्वेची खिडकी उघडली.
माझा उस्ताद शाबी लोहार
भट्टीत पहिला बोळा नेहमी वर, धुराड्याच्या घशात पेटवायचा,
कोळशात नाही.
का, ते मी कधी विचारलं नाही; थप्पड पडायची.

"पेपर द्या."
त्यानं कालचा पेपर काढला,
पुण्यस्मरणाच्या जाहिरातींचं पान वेगळं केलं,
दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं.
मला दिल्या निविदा.
निविदा बऱ्या पेटतात.

पहिला बोळा: धूर सरळ माझ्या नाकात.
दुसरा विझला.
तिसरा कोपरापर्यंत हात घालून धरला, मनगटावरचे केस जळेपर्यंत,
आणि आत काहीतरी सरकलं,
जड पेटी फरशीवरून ओढावी तसं.
ज्योतीनं मान ताणली. घुम्म.
मग बारीक काटक्या. मग माट्टी.

खिडकी उघडीच, त्यामुळे ऊब येईल तेवढी बाहेर.
आम्ही दोघं मफलर गुंडाळून
पेटत्या शेगडीसमोर कुडकुडत बसलो.
"जनेल बंद करूं?"
"थांबा. पाइप तापू दे."

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"तिथं ऑर्लिंडा पेटवायची.
मी कामावरून यायचो तेव्हा पेटलेलीच असायची."
काचेआड एक ओंडका घसरला.
मी खिडकी चार बोटं उरेल इतकी लावली
आणि तेवढी नेहमी ठेवा, असं दोनदा सांगितलं.

किती द्यायचे, विचारलं त्यानं.
पेट्रोलचे घेतले.

रात्री बायकोनं शर्ट हुंगला.
"काजूला अजून धड मोहर नाही,
आणि तुला भट्टी कुठली सापडली?"