बाकी

ऐरोली, सेक्टर आठ. मधल्या खोलीत
शार्दूलचा जुना संगणक रात्रभर घुमतो.
मूळ संख्या शोधतोय म्हणे.
हैदराबादला जाताना सांगून गेला,
'आई, एवढा बंद करू नकोस.'

एका संख्येला तीन आठवडे.
कोट्यवधी अंक, आणि विचारायचं एकच:
एक आणि स्वतः सोडून
तुला कशाने भाग जातो का?
जातो. दर वेळी जातो.
मशीन रुसत नाही, पुढची मागवतं.

वीजबिल चष्म्याजवळ धरून हे म्हणाले,
'सापडली तर आपल्याला काय?'
मी काय सांगणार.
मागच्या जाळीतून गरम हवा येते,
तिथे मी ह्यांचे मोजे वाळवते.

मंगळवारी पहाटे वीज गेली.
घर इतकं गप्प झालं
की दोघंही जागे झालो.
अंधारात ह्यांनीच विचारलं,
'कितीपर्यंत आली होती?'