पाचशे एकतीस

पंखा बंद करा, म्हटलं
की अख्खी बॅच माझ्याकडे बघते.
उदगीरचा मार्च, पत्र्याखालची प्रयोगशाळा,
आणि बोटभर ज्योतीला वारा लागू नये
म्हणून अठ्ठावीस पोरं घामात उभी.

तांब्याच्या भांड्यात दोनशे ग्रॅम पाणी,
मुळातच एकतीस अंश,
गच्चीवरच्या टाकीनं फुकट तापवून दिलेलं.
दिवा तोलला. पेटवला.
एक्कावन्नला टोपण घातलं, पुन्हा तोलला.
शून्य पूर्णांक ब्याण्णव ग्रॅम स्पिरिट
आता कुठंच नव्हतं.

दोनशे गुणिले चार पूर्णांक अठरा गुणिले वीस,
भागिले हजार, भागिले मोल.
खडू खाली खाली येतो
आणि उत्तराच्या अलीकडे ती आडवी रेघ.
वजा का, सर?
दर वर्षी कुणीतरी विचारतंच.
पेटलं त्यानं पदरचं दिलं, म्हणून.
दर वर्षी हेच सांगतो. पुढच्या गणिताकडे वळतो.

पुस्तकात तेराशे सदुसष्ट.
मागच्या टेबलावर तेराशे चाळीस, तेराशे पंचावन्न;
नरहरीमामांनी तपकिरीच्या डबीसारखी जपलेली
गेल्या सालची रीडिंगं हातोहात फिरलेली.
मला दिसतं. मी खिडकीतून बाहेर बघतो.

तहसीनच्या वहीत आठशे छत्तीस.

"पुन्हा घे रीडिंग."
"तीनदा घेतलं सर. तेवढंच यायलंय."
"मग पाचशे एकतीस गेले कुठं?"

तिनं ओढणीच्या टोकानं थर्मामीटर पुसला.
"आमच्या अब्बाची भट्टी हाय सर, चौबाऱ्याजवळ.
पहाटं मागच्या भिंतीला हात लावून बघा.
तिकडं तीन मांजरं झोपतात.
शेजारच्या पंचफुलाबाई पाठ शेकतात,
थंडीत नातवाची दुपटी वाळत घालतात.
अब्बा मनतात, लाकूड आपलंच जळतं,
पण सगळी आंच पावच खातो असं थोडंच हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं.
मी हसलो नाही, हसायचं राहून गेलं.

परिसर.
एकोणीस वर्षं हा शब्द शिकवतोय.
फळ्यावर चौकोन काढतो, आत लिहितो 'प्रणाली',
बाहेर मोकळी जागा सोडतो, तिला 'परिसर' म्हणतो
आणि डस्टर फिरवतो.
त्या जागेत कधी मांजर काढलं नाही.
एखादी म्हातारी पाठ तर नाहीच.

त्रुटीच्या रकान्यात तहसीननं
मांजरांचं काही लिहिलं नाही, शहाणी आहे.
'काही ऊष्मा परिसरात गेली' एवढंच,
आणि आठशे छत्तीस होतं तसं ठेवलं,
वजा चिन्हासकट, खाडाखोड न करता.

वीसपैकी अठरा दिले.
दोन कशाचे कापले,
घरी जाताना स्कूटरवर आठवून बघितलं,
सांगता येईना.

पंखा लावा, म्हटलं होतं शेवटी.
सगळी वाऱ्याखाली धावली.
मी तिवई उचलायला गेलो
तर ती अजून गरम.