उसनं विरजण

वडणग्याच्या इंदुताई चौगुल्यांनी
विरजण देताना अट घातली होती :
"परत आणून दे बाई, उसनं आहे."

ते अजून फेडलेलं नाही.
त्यातलाच एक जीव मी वेगळा काढला,
बाटलीवर लिहिलं व-सतरा,
आणि दोन वर्षं त्याचं खाणंपिणं बघतेय,
माहेरच्या कुणाचं बघितलं नाही एवढं.

तो स्वतः काही विशेष नाही.
पण त्याच्या अंगाचा काठ मधेच फुगतो,
पदराच्या टोकाला सुट्टे पैसे बांधावेत तसा,
आणि ती गाठच तुटून वाहत जाते.
केसाच्या जाडीत अशा आठशे ओळीनं मावतील.
आत थोडी प्रथिनं, आरएनएचे तुकडे,
वर त्याचीच कातडी.
जीव नाही. वाढायचं नाही, मरायचं भय नाही.

काकांना हे सांगितलं.
शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरले त्यांनी.
आता आतडं सुजलेलं, दिवसातून बारा वेळा उठायचं,
लग्नात पंगतीला दाराजवळची जागा धरायची.
"म्हंजे माणूस येत न्हाई, डबा पाठवतो," ते म्हणाले.
"आणि घरची वळखत्यात, डबा कुणाचा ते?"

ओळखतात बहुतेक.
आतड्याच्या पेशी पुडी आत घेतात
आणि पेटलेलं भांडण जरा खाली बसतं
उंदरांत.
आठांपैकी पाच उंदरांत.
उरलेल्या तिघांचा विचार मी रात्री करते.

"मग मला कधी?"

मी सांगत सुटले : शुद्धता, मात्रा, परवानग्या,
शुक्रवारी गेलेली वीज, फ्रीजरमधल्या अकरा नळ्या,
तळाशी उरणारा डाग, नखाच्या कडेएवढा,
दोन लिटरमधून तेवढाच.
ते ऐकत राहिले,
ओतलेला माल वाया गेल्यावर
शांतपणे राख उकरणाऱ्या माणसासारखे.

संध्याकाळी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
समोर म्हशीची धार काढत होते.
काकांनी सवयीनं पेला घेतला, फेसासकट,
नाकापाशी नेला, हुंगला,
आणि माझ्या हातात दिला.
"पी. तुला जागायचं असतंय."

फेस विझत होता,
एकेक फुगा, आवाज न करता.
मी पिईपर्यंत ते म्हशीकडे बघत उभे.

रिक्षा रंकाळ्याच्या वळणावर आली तेव्हा म्हणाले,
"त्या बाईचं इरजाण
दिलंस का न्हाई परत?"