थाप

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बंद पडलेल्या बर्फ-कारखान्याच्या माडीवर,
मंगळवार, गुरुवार, साडेसात.
चटयांना अजून मासळीचा वास येतो,
की तो ऑल्ड्रॉइडच्याच हातांचा?
तीस वर्षं त्यानं हॅडक चिरले,
त्याआधीची चार योकोहामात,
एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याखाली.

पहिल्या दिवशी त्यानं डाव शिकवला नाहीच.
थाप शिकवली.
तळहात, दोनदा, चटईवर नाहीतर माझ्या अंगावर.
म्हणजे सोड.
मी हसले : आमच्यात थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं.
"इथं तेवढंच खरं," तो म्हणाला,
"बाकी वेळ बोलच तू काय बोलायचं ते."

सांगलीच्या तालमीत काका म्हणे,
पाठ टेकली, कुस्ती संपली.
इथे पाठ टेकली की
सुरू होते.

मी उशिरा थाप मारायचे. फार उशिरा.
एक कोपर गेलं त्यात;
हॉस्पिटलात मी दुसऱ्यांचे एक्स-रे काढते,
तो माझाच लावला दिव्यावर :
हाड बिचारं स्पष्ट बोलत होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचा उजवा हात कापू लागला.
मी मनगट पिळलं की माझ्या बरगडीवर
टप टप टप टप,
आणि मी सोडून द्यायचे.
"मी नाही मारली! पुन्हा धर."
पुन्हा धरायचे.
टप टप टप.
मग थांबायचं कधी,
हे मला सांगणार कोण?

शब्द ठरवू, म्हटलं.
इंग्रजी त्याला नको, त्यात शरमल्यासारखं होतं.
जपानी तर त्या म्हाताऱ्याचा,
तो उष्टा करायचा नाही.
"तुमच्यात काय म्हणता, पुरे झालं की?"
बास.
त्यानं शब्द तोंडात घोळवला,
काटा आहे का बघावं तसा.
"मासाच की जवळजवळ," म्हणाला.

आता शिकवते मी.
तो हीटरशेजारी खुर्चीत, कप अर्धाच भरलेला.
काल पंधरा वर्षांच्या कायलीनं
एका आडदांड लॉरीवाल्याचा खांदा असा कुलपात घेतला
की लालबुंद होऊन, गाल चटईला चिकटलेला,
तो ओरडला : बास! बास!
तिनं सोडलं. लगेच.
हे मात्र मी शिकवलंय.

खुर्चीत त्याचा हात
मांडीवर वाजतच असतो.
माहीत आहे मला, ती थाप नाही.
तरी दर वेळी
मी वळून बघते.