हेर ब्रुन्स

रबाळ्याच्या रंग-कारखान्याच्या फाटकावर
अठ्ठ्याहत्तर साली फलक लागला:
'हेर ब्रुन्स यांचे सहर्ष स्वागत'.
मढवी पेंटरनं मात्रेवर हौसेनं एक कमळ काढलं होतं.
पाळी सुटलेली माणसं तोंडावर फडकं धरून हसली.
त्यांनी विचारलं, हे का हसतायत?
मी दुभाषी. चार महिन्यांची नोकरी,
नवी चप्पल, टाचेला फोड.
म्हटलं, आमच्यात हेर म्हणजे पाहुणा.
लांबून आलेला.
त्यांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा ते वकिलातीत तिसरे सचिव, व्यापार बघायचे.
मी त्यांचे शब्द इकडून तिकडे न्यायची
भरल्या कळशीसारखे, न सांडता.
आमच्या जुन्या कागदांतला जासूद
पत्र पोचवी आणि येताना बातमी आणी,
पाय तेच.
त्यांच्या भाषेतही निरोप आणि वकिलात
एकाच शब्दात राहतात.

फार विचारत नसत.
टँकर किती उभे, खाडीला भरती केव्हा,
मालक बोलताना कारकुनाकडे का बघतो.
दिव्याच्या कोळणीकडे निवट्या खाल्ल्या, काट्यासकट,
आणि पुढच्या खेपेला मागचा भाव
आण्यापैशासकट सांगितला.

मग अंकारा. मग हेलसिंकी.
मग कुंपणाआडची एक कचेरी, पाटी नसलेली.
तीन आठवडे शिळ्या पेपरात मी वाचलं:
गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख, ब्रुन्स.
मोठ्यानं हसले. ग्रंथपालानं चष्म्यावरून पाहिलं.
मढवी पेंटरला त्यांच्या सरकारच्या
अकरा वर्षं आधी कळलं होतं.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं.
हाताखालचा एकजण बावीस नावं विकून पळाला.
त्या नावांची माणसं कुठल्या कुठल्या शहरांत
सकाळी दाढी करत असतील, दार वाजलं असेल.
ब्रुन्सनी राजीनामा दिला.
कारण लिहिलं नाही.

गेल्या वर्षी पत्र आलं, कोपरखैरण्याला.
सेक्टर बरोबर, गल्ली बरोबर,
'पिवळ्या गेटचं घर' हेही बरोबर.
गेट मी दिवाळीत रंगवलंय.
थरथरतं अक्षर:
बाई, त्या रात्रीच कोश उघडून पाहिला होता.
तुमच्याविषयी टिपण केलं:
खोटं बोलताना कान लाल होतात. विश्वास ठेवावा.
आयुष्यात एवढं एकच टिपण बरोबर निघालं.

उत्तर लिहायला घेतलं, शब्द सांडत राहिले.
शेवटी रिक्षा करून रबाळ्याला गेले.
कारखान्याच्या जागी काचेची इमारत,
आत थंडगार पोरं, गळ्यात पट्टे.
फाटकावरच्या मुलानं विचारलं,
कुणाला भेटायचंय, आजी?
कान तापले.
म्हटलं, पाहुणी आहे.
त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं.
नाव लिहिलं, वेळ लिहिली.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.