सात नंबर

उथळसरला शटर अर्धं वर केलं होतं,
तेवढ्यात लुर्दिनबाई मिस्किटा वाकून आत आली.
उशीच्या खोळीत काहीतरी,
आजारी मांजर आणावं तसं छातीशी.

"चरईतल्या पेटीवाल्याकडे गेले होते, बाय.
तो म्हणतो, सूर माझे, कातडं माझं नाही.
तुझ्याकडे धाडलं."

बरं आहे.
सुरांपाशी माणसं बसतात गादीवर,
कातड्यापाशी आलं की आमचा पत्ता सांगतात.

खोळीतून निघाली सहा कोपऱ्यांची पेटी, दोन मुठींची.
कॉन्सर्टिना. तिच्या सासऱ्याची.
उंबराचं पाणी आणायला बायका निघाल्या
की हा जुझे मिस्किटा पुढे,
कोलबाडच्या विहिरीपर्यंत वाजवत,
परत येताना मात्र जरा झिंगून.
आता ओढली तर नुसती फुसफुस.

मी पर्सच्या चेन बसवते,
दप्तरांचे बंद, हेल्मेटांचे पट्टे.
भात्याला कधी हात लावला नव्हता.
आधी नाकाला लावला.
बुरशी. खाडीची हवा. आणि बूट पॉलिश.
"हे कोणी चोपडलं?"
"मीच. दर नाताळाला."
म्हणाली, आणि ओशाळली.

रात्री शटर पूर्ण खाली ओढलं, दिवा मालवला.
एका बाजूचे स्क्रू काढून
मोबाईलचा टॉर्च भात्याच्या पोटात ठेवला.
घड्या हळूहळू ताणत गेले.
चौथ्या घडीला, कोपऱ्यात,
मोहरीएवढा उजेड बाहेर आला.
सापडलं.

मग आत डोकावले.
भोकाच्या शेजारचाच कोपरा
कोणीतरी कधीतरी बदललेला.
बाकीचं कातडं काळं, हे पिवळट,
चपलेच्या अस्तराचं असतं तसं.
त्यावर छाप, उलटा:
७.

बाबा बावीस वर्षं जांभळी नाक्यावर बसले.
वाजणारी वस्तू दुरुस्त केल्याचं
कधी बोलले नाहीत.
सांगण्यासारखं त्यांना काही वाटायचंच नाही,
किंवा विचारणारं कोणी नव्हतं. मी धरून.
पण रापीने कड अशी उतरवलेली,
की बोट फिरवलं तरी
कातडं कुठे संपतं ते कळू नये,
असा दुसरा हात मी पाहिलेला नाही.
तरी खात्री देत नाही.
ठाण्यात रापी धरणारे तेव्हा पुष्कळ होते.

तो कोपरा मी सोडला नाही, सोलला नाही.
शेजारच्यासाठी
तीन वर्षं कोणी न नेलेल्या पर्सचं अस्तर कापलं.
पहिला तुकडा जाड झाला, घडी मिटेना.
दुसरा फाटला.
तिसऱ्याला पहाटेचे दोन वाजले.
सरस पातळ, वर सुती दोरा गुंडाळून दोन दिवस तसाच.

ती आली तेव्हा बजावलं,
बाई, पॉलिश बंद. तेल तर नकोच नको,
तेल प्यायलेलं कातडं सरसाला धरत नाही.
बुरशी दिसली की कोरडं मलमल, बस.
उन्हात नको, लोखंडी कपाटात नको.
मिटून, आडवी निजवायची.
आणि अंगठ्याखालचं हे हवेचं बटण
दाबल्याशिवाय ओढायची नाही कधी,
घाई केली की आधी कोपरा जातो.
आठवड्यातून एकदा तरी उघडा. नुसती.

तिने बटण दाबलं, हात लांब केले.
सूर नाही, फक्त हवा,
आत गेली, बाहेर आली, आत गेली.
टेबलावरची पावती उडाली.
"वाजवणारं घरात कोणी आहे?"
"कोण वाजवणार?
पण खोलायला मी आहे ना."

मग पदराची गाठ सोडत म्हणाली, किती झाले?

मी कोपऱ्यातून बोट फिरवलं, दोन्हींवरून.
म्हटलं, जुन्याचे कोणीतरी केव्हाच घेतलेत.
किंवा घेतलेही नसतील.
नव्याचे दीडशे द्या.