एका जागेसाठी

सक्करदऱ्यात कूलर दुरुस्तीच्या दुकानावर
माझा स्पोकन इंग्लिशचा वर्ग.
खाली दिवसभर पत्र्याची ठोकाठोक,
वर आम्ही ‘होप’चा उच्चार घोटत बसतो.
मी स्वतः बारावीला इंग्रजीत दोनदा नापास,
तिसऱ्यांदा पस्तीस. काठावर.
त्याला तिकडे म्हणतात, बाय द स्किन ऑफ युवर टीथ.
दाताले कातडं कुठं असते सर,
निशिकांत ढोमणे मागच्या बाकावरून विचारतो,
आणि मला अठ्ठ्याऐंशी सालचा निकालाचा कागद आठवतो.
असतं रे. त्या दिवशी होतं.

मेचा दुसरा आठवडा, पारा सेहेचाळीस.
मिहानमधल्या कंपनीत जागा निघाली,
एकच,
आणि माझ्या वर्गातून दोघींनी फॉर्म भरला,
सुकेशनी गजभिये, प्रांजली पौनीकर.
एका स्कूटीवर यायच्या,
तोंडाला सारखेच पांढरे दुपट्टे;
कोण कोणती, ते मला चपलांवरून कळायचं.

मी फळ्यावर लिहिलं, नेक टू नेक.
‘गळ्यात गळा!’ प्रांजली म्हणाली,
आणि सुकेशनीच्या गळ्यात हात टाकून दाखवला.
नाही, मी म्हटलं, घोड्यांची शर्यत,
दोन माना अगदी बरोबरीनं पुढे.
दोघी हसल्या.
तोंडाला आलेल्या फेसाचं मी काही बोललो नाही.

मग, मे द बेस्ट मॅन विन.
सुकेशनीनं हात वर केला,
म्हणजे आमच्यातली कोणीच नाही का सर?

तिची आई मेडिकलच्या वॉर्डात कामाला,
ड्युटी संपली की दारात थांबायची.
फिंगर्स क्रॉस्ड शिकवलं त्या दिवशी
तिनं बोटात बोट अडकवून बघितलं.
‘असे धरून बसलं त भांडे कोन घासन?’

खरं तर आशेसाठी आमच्या गावाला
मोठा शब्द लागतच नाही.
पंक्चर असो, पेपर असो, किडनी असो,
कुणीतरी खांद्यावर हात ठेवतो,
‘होऊन जाते ना बे.’
याचं इंग्रजी मी चार वर्षं शोधतो आहे.
आय होप सो म्हटलं तर
त्यात तो हात येत नाही.

लूज, लॉस्ट, लॉस्ट
हे मात्र घाईत उरकलं, वीज जाणार होती.
कॅरमचा डाव हरला तरी लॉस्ट,
बर्डीच्या गर्दीत पोर हरवलं तरी लॉस्ट,
त्यांचं एका शब्दात भागतं.
आपल्याकडे मध्ये एक ‘व’ उभा असतो.
एवढासा. लिहून घ्या.

निकालानंतर प्रांजली आली
संत्रा बर्फीचा डबा घेऊन,
चालत. स्कूटी सुकेशनीची होती.
मी म्हटलं, वा, आता इंग्रजीत सांग,
पूर्ण वाक्यात.
ती दुपट्टा न सोडता फळ्याकडे बघत राहिली.
‘आय लॉस्ट.’
यू वन, मी दुरुस्त केलं, सवयीनं,
डब्ल्यू, ओ, एन.
‘नाही सर. आय लॉस्ट.’
मराठीत काय ते तिनं सांगितलं नाही.
खाली कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

बर्फी निशिकांतनं वाटली.
एक तुकडा ठेवा, ती जाताना म्हणाली,
आली तर.
मी तो वहीच्या कागदात गुंडाळून खणात ठेवला,
हजेरीच्या रजिस्टरवर.

येईन का सर ते, निशिकांतनं विचारलं.
फिंगर्स क्रॉस्ड तोंडापर्यंत आलं होतं.
‘होऊन जाते ना बे,’ म्हणालो,
पण हात खडूनं भरलेला होता,
म्हणून त्याच्या खांद्यावर ठेवला नाही.